सहीची जागा

आमच्या घरात कोण किती शिकलंय हे सांगायला फार वेळ लागत नाही. मी एम.एस्सी., बी.एड., विषय फिजिक्स. आई चौथी पास. अण्णा, म्हणजे माझे वडील, आठवी नापास. यातला ‘पास’ हा शब्द आई कधी गाळत नाही आणि ‘आठवी’ हा शब्द अण्णा कधी गाळत नाहीत, त्यामुळे दोघांत जास्त शिकलेलं कोण हा वाद त्यांच्या लग्नाइतकाच जुना आहे. “पास ते पास,” आई म्हणते. “आठवीच्या बाकावर वरीसभर बसलो तरी मी. तुला त्या वर्गाचं दार तरी ठाऊक हाय का?” अण्णा म्हणतात. मी मध्ये पडत नाही. पडले की दोघं एक होतात आणि माझ्या शिक्षणावर घसरतात.

घसरायला जागाही भरपूर आहे. पुंडलिकनगरातल्या आमच्या पुढच्या खोलीत माझ्या पदव्या ओळीनं टांगलेल्या आहेत. त्या टांगल्या अण्णांनी. ड्रिलनं भोकं पाडून, गट्ट्या ठोकून, पाण्याच्या नळीनं लेव्हल बघून. मी खाली उभी राहून “थोडं डावीकडं” एवढंच म्हणत होते. अकरावी-बारावीच्या पोरांना विद्युतधारा शिकवून माझं पोट भरतं, पण घरातला फ्यूज उडाला की मी जागेवरूनच “अण्णा, लाईट गेली” अशी हाक मारते. “गावाला लाईटीचं गणित शिकविती आन घरात बटन दाबायला बाप लागतो,” हे आईचं त्यावरचं ठरलेलं वाक्य.

अण्णा वायरमन आहेत. दौलताबादच्या किल्ल्याखाली आमची थोडी शेती होती, तिथून आठवी नापास होऊन ते शहरात आले आणि चार वर्षं इकडंतिकडं राबून शेवटी गुलमंडीच्या मागच्या एका गल्लीत उस्तादांच्या दुकानात टिकले. उस्ताद जळालेल्या पंप-मोटारींचं वाइंडिंग भरायचे आणि घरांची फिटिंग करायचे. त्यांच्या शाळेला प्रवेशअर्ज नव्हता, परीक्षा नव्हती आणि दिवाळीची सुट्टीही नव्हती. पहिले सहा महिने अण्णांनी फक्त शिडी धरली. “पैले देखना, फिर पूछना, हात आखिर में लगाना,” एवढाच तिथला अभ्यासक्रम. त्यातल्या दोन गोष्टी अण्णा अजून सांगतात. एक म्हणजे संशय असलेल्या वायरीला तळहात लावायचा नाही, लावलाच तर हाताची मागची बाजू. दुसरी म्हणजे चालू लाईनवर काम करताना एक हात खिशात ठेवायचा. काऊन, असं अण्णांनी एकदा विचारलं होतं. उस्ताद म्हणाले, “मेरे उस्ताद भी जेब में रखते थे.” विषय संपला.

पुढं अण्णा एका ठेकेदाराकडं लागले. त्याला ते साहेब म्हणतात, समोर नसला तरी. पुंडलिकनगरच्या अर्ध्या गल्ल्यांतली घरं अण्णांनी उजळलीत, आणि हे मी मुलगी म्हणून सांगत नाही, रस्त्यानं जाताना ते स्वतःच सांगतात. “ह्या घराला अर्थिंग मी दिली. ह्या घरात बाईनं फ्रीजचा पॉइंट तीनदा हालवायला लावला.” आमच्या गल्लीतून बसस्टॉपपर्यंत त्यांच्याबरोबर चालायचं म्हणजे वीस मिनिटं हाताशी ठेवावी लागतात.

आता एक गोष्ट समजावून सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. नव्या घराला मीटर हवं असेल तर वायरिंगची तपासणी करून एक रिपोर्ट द्यावा लागतो. त्याच्या खालच्या बाजूला एक चौकोन असतो, “काम करणाऱ्या तारतंत्र्याची सही व परवाना क्रमांक” असं लिहिलेला. तारतंत्री म्हणजे वायरमन, हे अण्णांना मी सांगितलं तेव्हा कळलं. त्यांच्याकडं परवाना नव्हता. म्हणून पद्धत अशी पडली होती की अण्णांनी काम करायचं, मेगर, म्हणजे वायरीचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र, लावून आकडे काढायचे, सगळा कागद भरायचा आणि तेवढा चौकोन कोरा सोडायचा. साहेब मग कुणा परवानावाल्याची सही त्यात घेत. त्या माणसानं ते घर बाहेरूनही पाहिलेलं नसायचं. तीस वर्षं हे असं चाललं आणि अण्णांना त्यात काही वावगं वाटलं नाही. शिडी धरणारा वेगळा, सही करणारा वेगळा, एवढं साधं.

वाटलं ते आमच्या घराच्या वेळी. दोन वर्षांपूर्वी आम्ही वर दोन खोल्या चढवल्या, माझ्या शिकवणीसाठी. त्यांची वायरिंग अण्णांनी एकट्यानं, फुरसतीनं केली. स्विचबोर्ड इतके सरळ की आई म्हणाली, “लोकांच्या घरी बी असंच करता का घरचंच म्हणून हे कवतिक?” काम संपलं, रिपोर्टचा कागद आला. अण्णांनी तो भरला आणि चौकोनापाशी येऊन थांबले. पेनाला टोपण लावलं.

“ह्या घरावर दुसऱ्याची सही नाय पायजे मला,” ते म्हणाले.

“मग कोणाची?” आईनं विचारलं.

“माझी.”

त्यासाठी परीक्षा द्यावी लागणार होती. अनुभवावर बसता येतं, पण लेखी असते आणि प्रात्यक्षिकही. अठ्ठावन्नाव्या वर्षी. आईनं लाटणं खाली ठेवलं. “म्हंजे वरचं घर अंधारात ठिवून तुमी आता शाळंत जाणार? आन नापास झाले तर?” अण्णांना स्वतःच्या हातानं उभ्या केलेल्या एका तरी घरावर स्वतःचं नाव हवं होतं, आणि ते घर हेच होतं. तोवर वर मीटर येणार नव्हतं, हेही त्यांनी मान्य करून टाकलं होतं.

फॉर्म अर्थातच मी भरला. शहराचं नाव विचारल्यावर अण्णांनी जुनं सांगितलं, यादीत नवं होतं, तेवढीच काय ती अडचण आली. शेवटी उमेदवाराच्या सहीचा फोटो मागितला होता. तोवर अण्णा कामावर गेले होते. मी पांढरा कागद घेतला, काळं पेन घेतलं, त्यांची सही केली, फोटो काढला आणि चढवला. एका क्षणाचाही विचार केला नाही. कारण अण्णांची सही पाचवीपासून मीच करत आले आहे.

त्याचं असं झालं होतं. पाचवीत पहिल्या चाचणीचं प्रगतिपुस्तक घेऊन मी अण्णांसमोर उभी राहिले. “पालकांची सही” या ओळीवर बोट ठेवलं. अण्णांनी सगळे गुण वाचले, प्रत्येक विषयाला मान हलवली आणि पुस्तक मला परत दिलं. “तूच कर. माझ्या अक्षरानं पान खराब व्हईल.” बँकेत ते त्यांच्या नावाची अक्षरं सुटी सुटी मांडून सही करायचे, ती मी पाहिली होती. मला ती आमच्या घराला शोभेशी वाटली नाही. म्हणून मी नवी केली. पहिलं अक्षर मोठं, मग आडनाव घाईघाईत लिहिल्यासारखं, शेवटी एक लांब शेपूट उलटं फिरवून खाली आणलेलं आणि त्याखाली दोन टिंबं. शेपूट आमच्या मुख्याध्यापकांच्या सहीचं होतं. टिंबं माझी. दहावीपर्यंत शाळेच्या दप्तरात माझे वडील याच सहीनं हजर होते, आणि बाईंनी एकदा वर्गात “किती वळणदार सही आहे तुझ्या वडिलांची” असंही म्हटलं होतं. मला लाज वाटली नव्हती, उलट अभिमान वाटला होता.

मग आमचे वर्ग सुरू झाले. अण्णा संध्याकाळी कामावरून येऊन हातपाय धुऊन वही घेऊन खाली बसायचे, मी खुर्चीवर. इतक्या वर्षांत मी शिकवलेला सगळ्यात वाईट विद्यार्थी कोण, असं कुणी विचारलं तर मी घरातलं नाव सांगेन.

“विभवांतर म्हणजे काय?”

“हे काय असतंय?”

“व्होल्टेज, अण्णा.”

“मग व्होल्टेज म्हण की. कशाला लोकांना घाबरवायचं.”

ओहमचा नियम त्यांना काही केल्या पाठ होईना. तिकडं भाजी निवडता निवडता आईचा मात्र झाला. अण्णा अडले की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, “तापमान स्थिर असताना,” आणि अण्णा चिडून वही मिटायचे. आई बाहेर येऊन म्हणायची, “चौथी पास हाये मी.”

पण एका संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, “शॉक लागल्यावर माणूस चिकटतो काऊन?” मी सांगितलं, करंटनं हाताचे स्नायू आकसतात, तळहात लावला असेल तर मूठ वळते आणि वायर सुटत नाही, मागची बाजू लावली तर हात आकसताना वायरीपासून दूर जातो. आणि एक हात खिशात असला तर करंट या हातातून त्या हातात, म्हणजे छातीतून जात नाही. अण्णा ऐकत राहिले. त्यांनी नकळत एक हात खिशात घातला होता.

“म्हंजे उस्ताद बरोबर व्हते,” ते म्हणाले.

“बरोबरच होते.”

“त्यान्ला ठाऊक असतं ना, तर त्यांनी सांगितलं असतं मला.” उस्तादांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या दिवशी पुढं अभ्यास झाला नाही.

परीक्षा झाली. लेखीचा पेपर आठवेल तसा लिहिला, असं म्हणाले. प्रात्यक्षिकाबद्दल विचारलं तर हसले. “ते काय इचारायचं? एक बोर्ड जोडायचा, जिन्याच्या दिव्याला दोन बटनं द्यायची, तपासायचं, कागद भरायचा. माझ्या आधी तिथं जी पोरं व्हती ना आयटीआयची, त्यान्ला वायर सोलता येईना नीट. मीच दाखवलं एकाला.” घरी येताना ते जिलेबी घेऊन आले.

निकाल माझ्या मोबाईलवर आला. लेखीत पास, काठावर. प्रात्यक्षिकात नापास.

मी दोनदा वाचला. मला वाटलं आपण ओळी उलट वाचतोय. जे त्यांना येत नव्हतं आणि मी घोकून घेतलं होतं त्यात ते पास झाले होते, आणि जे तीस वर्षं रोज करत होते त्यात नापास. आईला सांगितलं तेव्हा तीही काही टोमणा मारायची राहिली, यावरून काय ते ओळखा. अण्णा वर गेले आणि त्या बिनलाईटच्या खोलीत उलट्या ठेवलेल्या घमेल्यावर बसले. मी मागोमाग गेले. दुपार होती, खिडकीतून भरपूर उजेड येत होता आणि त्या उजेडात त्यांचे सगळे सरळ बोर्ड दिसत होते.

“आठवीत डोस्कं नापास झालं व्हतं,” ते म्हणाले. “त्याचं काय वाटलं नाय. आता हातच नापास झाला.”

मला रडू आलं. पण मी मास्तरीण आहे, नापास झालेल्या मुलापुढं रडायचं नसतं एवढं बी.एड.ला शिकवतात. मी त्यांना म्हटलं, काय काय केलं ते पहिल्यापासून सांगा. त्यांनी सांगितलं. बोर्ड जोडला तो बरोबर. जिन्याचं कनेक्शन बरोबर. अर्थिंग तपासली, मेगर लावला, आकडे लिहिले. सगळं बरोबर.

“आणि खाली सही?”

“ती कशाला? तो चौकोन साहेब लोकांचा. कोरा सोडला.”

“अण्णा, तो चौकोन तुमचा होता. त्यासाठीच तर परीक्षा होती. वर तशी सूचना असणार, सहीशिवाय कागद तपासला जाणार नाही म्हणून.”

“वरचं वाचलं नाय मी. त्यो कागद काय मला नवा व्हता?” मग म्हणाले, “सुरुवातीला केली व्हती की सही. पण ती हजेरीची. कामावरची सही आपण करत नसतो.”

हे ते अगदी सहज म्हणाले, जसं आपण म्हणतो की देवळात चपला घालत नसतो. तीस वर्षं हात त्या चौकोनापाशी येऊन थांबत होता, परीक्षेतही तिथंच थांबला. कागद भरून ते हात मागं बांधून बाजूला उभे राहिले होते, साहेबांची वाट बघत. जिन्याखाली उभी राहून आई सगळं ऐकत होती. ती खालूनच म्हणाली, “पेपर भरून नाव टाकायचं इसरले. मी चौथीत टाकलं व्हतं.” अण्णांना हसू आलं, आणि ते हसले म्हणून मलाही जरा बरं वाटलं.

पुन्हा बसायचं ठरलं, फक्त प्रात्यक्षिकाला. या वेळी मी प्रवेशपत्रावरच्या सूचना एकूण एक वाचल्या. सातवी सूचना होती की उमेदवाराची सही प्रवेशपत्रावरील सहीशी जुळली पाहिजे. मी प्रवेशपत्र पाहिलं. अण्णांच्या फोटोखाली माझी सही होती, पाचवीतली, शेपूट आणि दोन टिंबांसकट. पहिल्या वेळी हजेरीची सही कुणी जुळवून पाहिली नव्हती, एवढंच.

तेव्हा मात्र मला लाज वाटली, आणि चांगलीच वाटली. साहेबांना मी मनातल्या मनात किती बोलले होते, की माझ्या बापाच्या कामावर दुसऱ्याच्या सह्या घेतल्या म्हणून. आणि त्यांची जागा सगळ्यात आधी मीच भरून टाकली होती, तीही त्यांची सही बरी दिसत नाही म्हणून. अण्णांना हे सगळं सांगून टाकलं. त्यांनी प्रवेशपत्र हातात घेतलं, चष्मा लावला आणि सहीकडं बराच वेळ पाहिलं.

“बदलता येती का?”

“आता नाही येत.”

“मग शिकीव,” ते म्हणाले आणि खाली बसले.

ओहमच्या नियमापेक्षा हे अवघड गेलं. मोठं अक्षर जमलं, आडनावाची घाई जमेना. ते प्रत्येक अक्षर बोर्ड बसवावा तसं सरळ बसवायचे. “तिरकं काढा, अण्णा.” “तिरकं काऊन? उभं राहायला काय झालं त्याला?” शेपटापाशी तर ते वैतागायचे. “एवढं लांब शेपूट कशाला काढलंस गं? पाचवीत तुला दुसरा उद्योग नव्हता?” वरच्या खोल्यांना अजून पुट्टी लागली नव्हती. अण्णांच्या कानावर कायम पेन्सिल असते, पॉइंटच्या खुणा करायची. ती घेऊन ते भिंतीवर सराव करायला लागले. आठवड्याभरात पूर्वेची भिंत खालपासून हात पोचेल तिथवर सह्यांनी भरली. सुरुवातीच्या सह्या ताठ, मग जराशा कललेल्या, मग खिडकीजवळ एकदम माझ्यासारख्या. आई केरसुणी घेऊन वर आली आणि दारातच थांबली. “ह्या घरावर दुसऱ्याची सही नको व्हती ना? घ्या आता,” एवढंच म्हणाली आणि न झाडता खाली गेली.

परीक्षेच्या दिवशी मी कॉलेजातून सुट्टी घेऊन त्यांच्याबरोबर गेले आणि बाहेर झाडाखाली बसून राहिले. माझ्या एम.एस्सी.च्या परीक्षेला ते असेच बाहेर बसले होते, तेव्हा मला त्याचं हसू आलं होतं. अण्णा बाहेर आले. मी एकच प्रश्न विचारला.

“सही?”

“केली. शेपटासकट.”

महिन्या-दीड महिन्यानं निकाल आला, आणि मग परवाना. आईनं तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि माझ्या पदव्यांच्या ओळीत लावू या म्हणाली. अण्णांनी ऐकलं नाही. “कामावर लागतो त्यो,” म्हणाले आणि पकड, टेस्टर ठेवतात त्या पिशवीत ठेवून दिला. पुट्टीवाला येऊन पूर्वेची भिंत पांढरी करून गेला. मला थोडं वाईट वाटलं, अण्णांना अजिबात नाही.

वरच्या मजल्याचा रिपोर्ट घेऊन आम्ही दोघं मीटरच्या ऑफिसात गेलो. बाकीच्या सह्या आधीच झाल्या होत्या. खिडकीपाशी उभं राहून अण्णांनी त्या चौकोनात परवान्याचा नंबर लिहिला. मग पेन उचललं, जरा थांबले आणि सही केली. हळूहळू, जीभ ओठांत धरून, शेवटी शेपूट, शेपटाखाली दोन टिंबं. इतकी सावकाश केली की मागचा माणूस घड्याळ बघायला लागला. खिडकीमागच्या बाईंनी कागद घेतला, सही पाहिली, मग अण्णांचे काळवंडलेले, चरे पडलेले हात पाहिले, आणि पुन्हा सही.

“काका, सही तुमचीच आहे ना?”

मी पुढं होऊन काहीतरी सांगायला गेले. अण्णांनी मला हातानं थांबवलं.

“माझीच हाय,” ते म्हणाले. “पोरीनं शिकिवली.”

बाईंनी शिक्का मारला आणि पुढच्याला हाक मारली. अण्णा पिशवी खांद्याला लावून चालायलाही लागले. मला मात्र त्या खिडकीपासून हलायला थोडा वेळ लागला.